पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या पट्ट्यात जत्रेतल्या कुस्तीचा निकाल कळायला पंचाच्या शिट्टीची वाट पाहावी लागत नाही. खालच्या गड्याची पाठ मातीला लागली की हलगीचा ठेका चढतो, कडेला बसलेली माणसं उठून उभी राहतात, जिंकलेल्याला कुणीतरी खांद्यावर घेतं. हरलेला उठतो, अंगावरची माती झटकतो, समोरच्याच्या हाताला हात लावतो आणि गर्दीत मिसळतो. लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या चांदीच्या कड्यापर्यंत हाच कायदा. पाठ लागली, कुस्ती झाली.

ब्राझीलच्या जिऊ-जित्सूत पाठ लागली की कुस्तीला तोंड फुटतं. खालचा गडी पाठीवर पडलेला असतो, पण त्याचे दोन्ही पाय वरच्याच्या कमरेला वेढा घालून घोट्यात घोटा अडकवून बसलेले असतात. एका मुठीत वरच्याच्या जाड सुती अंगरख्याची कॉलर, दुसऱ्या मुठीत बाही. वरचा सगळं वजन टाकून त्याला दाबायला बघतो. खालचा त्या वजनाशी भांडत नाही. कंबर वीतभर बाजूला सरकवतो, बाही ओढून वरच्याचा एक हात आपल्या छातीवर आणतो, एक पाय त्याच्या मानेवर चढवतो आणि दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीत त्या पायाचा घोटा अडकवतो. आता वरच्याची मान आणि त्याचाच एक खांदा मांड्यांच्या फासात आहे. रक्त डोक्याकडे जायचं थांबतं. चार-पाच श्वासांत वरचा माणूस, म्हणजे आपल्या नजरेने जिंकत असलेला माणूस, खालच्याच्या मांडीवर हाताने दोनदा थोपटतो आणि हरतो.

लाल मातीत डोळे तयार झालेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. जमिनीला चिकटून राहणं आपल्याकडे कमीपणाचं मानलं गेलं आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडचा झबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथाच पडून राहिला आणि गामाला त्याची पाठ लावता आली नाही. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा झबिस्को फिरकलाच नाही. हा किस्सा आपल्या तालमींत अजून सांगतात, तो पळपुटेपणाचा दाखला म्हणूनच. ब्राझीलमध्ये ज्यांनी जिऊ-जित्सू घडवलं, त्यांनी मात्र नेमका हाच प्रश्न गंभीरपणे घेतला. खाली गेलेल्या, हलक्या, दमलेल्या माणसाकडे आता काय उरलं आहे? त्या प्रश्नावर त्यांनी तीन पिढ्या खर्च केल्या. त्या पिढ्यांतल्या माणसांची चरित्रं या पुस्तकात आहेत.

बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरच्या मराठी माणसाने ती का वाचावीत, हे सांगणं या प्रस्तावनेचं काम आहे. त्यासाठी आधी घरचंच एक पान उघडतो.

आजचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, शंभर प्रकरणं. हत्ती, रत्नं, स्वयंपाक, गाणं, शिकार, राजाने जगात जे जे जाणावं ते सगळं त्यात आहे. त्यात ‘मल्लविनोद’ हे एक प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी त्यात ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशी केली आहे. त्यांचा खुराक सांगितला आहे, वयाप्रमाणे तयारी सांगितली आहे. मेहनतीचे प्रकारही नावानिशी दिले आहेत: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, हातांचा बाहुपेल्लणकश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. पुढे मल्लखांब म्हणून जो महाराष्ट्रात रुजला त्याचं जुनं रूप या स्तंभश्रमात दिसतं, असं अभ्यासक मानतात. आपल्या भागातल्या कुणालाही या प्रकरणाचा अभिमान वाटावा. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याच्या गावात बसून कुणीतरी कुस्ती इतक्या बारकाईने लिहून ठेवली.

पण तेच प्रकरण वाचून संपवलं की एक गोष्ट टोचते. राजाचं नाव आहे, मल्लांच्या जाती-प्रती आहेत, मेहनतीची नावं आहेत. ही मेहनत शोधणाऱ्या एकाही वस्तादाचं नाव त्या ग्रंथाने आपल्यापर्यंत आणलेलं नाही. जे ज्ञान त्या माणसांच्या खांद्यांत आणि मनगटांत होतं, ते राजाच्या नावावर जमा झालं.

आणि त्याच कल्याणीत, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत, याच्या अगदी उलट घडलं. बसवेश्वरांच्या भोवती शरणांचा मेळा जमला आणि तिथे माणसं आपापल्या कामाच्या नावाने ओळखली गेली, वचनांतून कायमची राहिली. परीट मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, चप्पल शिवणारे हरळय्या. आपल्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लावलं म्हणून हरळय्यांना जीव गमवावा लागला, पण त्यांचं नाव पुसता आलं नाही. बसवकल्याणात आजही लोक ते घेतात. एकाच गावाने नावं राखण्याच्या दोन रीती पाहिल्या आहेत. एका रीतीत काम करणारा हरवतो आणि आश्रय देणारा उरतो. दुसरीत काम हीच माणसाची ओळख होते.

ब्राझीलच्या जिऊ-जित्सूचा इतिहास मी या दोन रीतींमध्ये ठेवून वाचतो. जगाला आज तो एका घराण्याचा इतिहास म्हणून माहीत आहे. ते घराणं मोठं आहे, त्याचं श्रेय खरं आहे, ते कमी करायचं कारण नाही. पण त्या एका आडनावाखाली किती हात झाकले गेले आहेत हे पाहिल्याशिवाय ही विद्या कशी घडली ते समजत नाही.

सुरुवात जपानमध्ये होते. 1882 साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने बारा चटयांच्या जागेत आपली शाळा काढली. जुन्या जुजुत्सूच्या घराण्यांकडून तो शिकला होता. सामुराईंचा काळ संपला होता, ती घराणी ओस पडत चालली होती. कानोने त्यांतले जीवघेणे डाव बाजूला काढले, उरलेल्यांना शिस्त लावली आणि पूर्ण ताकदीने सराव करता येईल अशी पद्धत बसवली. तिला त्याने जुडो म्हटलं. दुखापत न होता रोज खरी झटापट करता येणं, हा त्याचा सगळ्यात मोठा शोध आहे असं माझं मत आहे. आपल्या तालमीतली रोजची लढतही याच तत्त्वावर चालते.

या शाळेत अओमोरीकडचा एक मुलगा आला, मित्सुयो माएदा. जन्म 1878, उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आत. 1904 मध्ये तो वरिष्ठ तोमिता यांच्यासोबत प्रात्यक्षिकांसाठी अमेरिकेला गेला आणि मग पुढची दहा वर्षं जगभर फिरत राहिला: इंग्लंड, बेल्जियम, स्पेन, क्युबा, मेक्सिको. मिळेल तिथे, मिळेल त्याच्याशी, तिकिटावर कुस्त्या. स्पेनमध्ये त्याला ‘कोंदे कोमा’ हे नाव चिकटलं आणि ते शेवटपर्यंत राहिलं. आपल्याकडे जत्रेमागून जत्रा करत, एका मैदानाचा इनाम घेऊन दुसऱ्या मैदानाची वाट धरणारे पैलवान ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. 1914 च्या नोव्हेंबरात तो ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे बंदरात उतरला. फिरत फिरत तो ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या बेलेम शहरात पोचला आणि तिथेच राहिला. रबराच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं ते शहर तेव्हा भाव कोसळल्यामुळे उतरणीला लागलं होतं. तिथे त्याने शिकवलं, संसार केला, जपानी स्थलांतरित शेतकऱ्यांची वसाहत उभी करायला मदत केली, आणि 1941 मध्ये तिथेच मेला.

थोडं थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी. कानोच्या परंपरेतले शिक्षक भारतातही आले होते. रवींद्रनाथांनी 1905 च्या सुमारास सानो जिन्नोसुके यांना आणि पुढे 1929 मध्ये ताकागाकी शिंझो यांना शांतिनिकेतनात बोलावलं. बंगालमधल्या मुलामुलींनी तिथे जुडो शिकून घेतला. तरी ते बीज ब्राझीलसारखं फोफावलं नाही. मला त्याचं कारण साधं वाटतं: इथली जमीन रिकामी नव्हती. गावोगावी तालीम होती, वस्ताद होता. पैलवानाला पोसणारे संस्थानिकही होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधवलेलं खासबाग मैदान 1912 मध्ये तयार झालेलं होतं. बेलेमच्या तरुणांपुढे असं बांधलेलं काही नव्हतं.

माएदाच्या बेलेममधल्या शिष्यांत कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा होता. जन्म 1902, घराण्याचं मूळ स्कॉटलंडचं, वडील गास्तांव सर्कशीच्या धंद्यात हात घातलेले. कार्लोस उनाड होता, त्याला वळण लागावं म्हणून वडिलांनी माएदाकडे घातलं, असं घरचे सांगतात. तो माएदाकडे नेमका किती शिकला आणि किती माएदाच्या इतर शिष्यांकडे, यावर इतिहासकारांत आज जोरदार वाद आहे. त्या वादातून दोन नावं पुढे येतात, जासिंतो फेरो आणि दोनातो पिरेस दोस रेइस. दोघेही बेलेमच्या परंपरेतले, दोघेही कार्लोसच्या आधीचे. रिओत 1930 मध्ये दोनातोने आखाडा काढला तेव्हा कार्लोस आणि त्याचा भाऊ जॉर्ज त्याच्या हाताखाली शिकवत होते. पुढे दोनातो निघून गेला, आखाडा ग्रेसींचा झाला आणि त्यांच्या घरच्या इतिहासात 1925 हे स्थापनेचं साल पक्कं झालं. योगायोगाने त्याच 1925 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘मानसोल्लासा’चा पहिला खंड छापून आला.

फेरो आणि दोनातो यांची नावं आज जिऊ-जित्सू शिकणाऱ्या दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाहीत. या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत, छोटी का असेनात, आणि त्याबद्दल मी लेखकाचा ऋणी आहे.

कार्लोसला जे जमलं ते यापेक्षा वेगळं होतं आणि तेही लहान नव्हतं. वर्तमानपत्रांतून आव्हानं देणं, मोठमोठ्या पैलवानांशी, मुष्टियोद्ध्यांशी भावांच्या जोड्या लावणं, घरातल्या प्रत्येक मुलाला या कामाला जुंपणं, सगळ्यांच्या खाण्यापिण्यावर काटेकोर नजर ठेवणं. संस्थानिक नसलेल्या देशात पैलवानाला पोसायचं कसं, याचं उत्तर त्याने तिकिटबारीत आणि बातमीत शोधलं. आपल्याकडे संस्थानं गेल्यावर, हैदराबाद संस्थानाचा शेवट झाल्यावर, हाच प्रश्न आपल्या तालमींपुढे आला. काही तालमींनी उत्तर शोधलं. बऱ्याच बंद पडल्या, त्यांच्या हौदांवर आता पत्र्याची दुकानं दिसतात.

धाकटा भाऊ एलियो, जन्म 1913. त्याच्याबद्दलची कथा अशी की तो इतका अशक्त होता की त्याला नुसतं बघायलाच बसवत. बघून बघून त्याने सगळे डाव स्वतःच्या हलक्या शरीराला जुळवून घेतले. तरुणपणी तो पोहण्यात आणि वल्हवण्यात तरबेज होता, हेही नोंदवलेलं आहे, त्यामुळे अशक्तपणाची कथा जशीच्या तशी घ्यायला नको. पण त्याने शिकवताना आग्रह धरला तो खरा होता: डाव असा हवा की तो जिवाच्या आकांताशिवाय लागावा, आणि दमलेल्या माणसालाही लागावा. 1932 मध्ये त्याने पहिल्याच जाहीर लढतीत एका मुष्टियोद्ध्याला मिनिटाच्या आत हरवलं. पण त्याची खरी ओळख पटते ती त्याने हरलेल्या दोन लढतींतून.

पहिली 23 ऑक्टोबर 1951 ची. रिओचं माराकाना मैदान, वर्षभरापूर्वीच फुटबॉलच्या विश्वचषकासाठी बांधलेलं. समोर जपानचा मासाहिको किमुरा, कुमामोतोच्या गरीब घरातला, त्या काळचा बहुधा जगातला सर्वोत्तम जुडोपटू, आणि एलियोपेक्षा वजनाने बराच जड. दुसऱ्या फेरीत किमुराने एलियोला खाली घेतलं, त्याचं डावं मनगट पकडलं, स्वतःचा दुसरा हात त्याच्या कोपराखालून घालून आपलंच मनगट धरलं आणि तो हात पाठीमागच्या बाजूला वळवत नेला. कोपर आणि खांदा दोन्ही एकदम बोलू लागतात असा तो डाव आहे. आपल्या कुस्तीत हाताला असा पीळ द्यायला मनाई आहे. एलियोने थोपटलं नाही. हात मागे जात राहिला, लोकांचा आवाज बसला, आणि शेवटी कडेला उभ्या असलेल्या कार्लोसने टॉवेल आत फेकला. त्यानंतर ग्रेसींनी केलेली गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठ्या मनाची वाटते. ज्या डावाने आपण हरलो त्याला त्यांनी जिंकणाऱ्याचं नाव दिलं. आज साओ पाउलोपासून पुण्यापर्यंत जिथे जिथे जिऊ-जित्सू शिकवतात तिथे तो डाव ‘किमुरा’ म्हणूनच शिकवला जातो.

दुसरी हार 1955 ची. समोर वाल्देमार सांताना, बाहियाचा कृष्णवर्णीय तरुण, एलियोच्याच आखाड्यात काम करत वाढलेला. गुरूशी बिनसलं आणि दोघे लढायला उभे राहिले. पावणेचार तासांच्या आसपास ती लढत चालली. एलियो बेचाळिशीला आला होता, सांताना त्याच्यापेक्षा कितीतरी तरुण आणि जड. शेवटी सांतानाची लाथ डोक्यात बसून एलियो खाली कोसळला. घराण्याची अब्रू परत मिळवायला मग कार्लोसचा मुलगा कार्लसन उभा राहिला, त्याने सांतानाला हरवलं, आणि तरीही दोघे पुढे मित्र राहिले. गुरुशिष्यांचं बिनसणं आपल्या तालमींना नवं नाही. पण शिष्याचं वय, वजन आणि वर्ण या तिन्हींचा इतका उघड सामना मी दुसरीकडे वाचलेला नाही. सांतानावरचं प्रकरण वाचकाने घाईत वाचू नये.

आता ज्या माणसासाठी मी ही प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झालो त्याच्याकडे येतो. ओस्वाल्दो फाद्दा, जन्म 1921. त्याचा गुरू लुइझ फ्रांसा हाही ब्राझीलमध्ये आलेल्या जपान्यांच्याच परंपरेतला, पण ग्रेसींच्या घराशी त्याचा संबंध नव्हता. ग्रेसींचा आखाडा रिओच्या सधन भागात होता. तिथे खासगी शिकवणी होत असे आणि ती सगळ्यांच्या खिशाला झेपणारी नव्हती. फाद्दा उपनगरातला. समुद्रकिनाऱ्यावर, सार्वजनिक बागांत तो पोरांना गोळा करून शिकवू लागला, बऱ्याचदा एक पैसा न घेता. 1950 मध्ये त्याने बेंतो रिबेइरो या कामगार वस्तीच्या उपनगरात आपली शाळा काढली. मग त्याने वर्तमानपत्रातून ग्रेसींनाच आव्हान दिलं. भाषा आदराची होती, पण मागणी स्पष्ट होती: तुमचे शिष्य आणि आमचे शिष्य, होऊन जाऊ दे. ग्रेसींनी ते स्वीकारलं आणि फाद्दाची पोरं त्यांच्याच आखाड्यात जाऊन सरस ठरली.

ती जिंकली पायाच्या डावांनी. घोटा, टाच, पायाचा पंजा यांना पीळ देणारे हे डाव ग्रेसींच्या आखाड्यात कमी दर्जाचे मानले जात. त्या डावांना ‘उपनगरी’ म्हणून नाक मुरडलं गेलं, आणि ते लावणाऱ्याला ‘सापातेइरो’ म्हणजे चांभार म्हणून हिणवण्याची रीत ब्राझीलमध्ये कित्येक वर्षं राहिली. बसवकल्याणच्या माणसाला हे वाचून हरळय्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. जोडे शिवणाऱ्याचं नाव शिवी म्हणून वापरणारे श्रीमंत आखाडे एकीकडे, आणि जोडे शिवणाऱ्याला शरण म्हणून हात जोडणारं हे गाव दुसरीकडे. आज जगभरच्या स्पर्धांत पायाचे डाव सगळ्यात जास्त अभ्यासले जातात, त्यांवर ग्रंथ होतात, शिबिरं होतात. फाद्दाने पन्नासच्या दशकात जे करून दाखवलं ते जगाला पटायला अर्धं शतक लागलं. तो 2005 मध्ये गेला. त्याच्या शिष्यांची परंपरा आजही ग्रेसींच्या नावाशिवाय, स्वतंत्रपणे चालू आहे.

फाद्दाचं मोठेपण मी त्या एका विजयात मानत नाही. मैदानातला निकाल उद्या उलटाही लागू शकतो. ज्याच्याकडे फी नाही त्यालाही ही विद्या मिळाली पाहिजे, हे त्याने कृतीने सांगितलं, आणि त्या पोरांना असं तयार केलं की त्यांना कुणी दया म्हणून शिकवलं आहे असं म्हणता येऊ नये. पुढे घराण्यातल्याच कार्लसनने हीच वाट धरली. त्याने गटाने शिकवायला सुरुवात केली, पैसे नसलेल्यांसाठी दार उघडं ठेवलं, आणि त्याच्या कोपाकाबानाच्या आखाड्यातून त्या पिढीतले सगळ्यात कणखर लढवय्ये बाहेर पडले. त्याचा सावत्र भाऊ रोल्स ग्रेसी याने कुस्ती आणि रशियन सांबो यांच्यातले डाव शिकून घेतले आणि घरच्या विद्येत मिसळले. 1982 मध्ये ग्लायडरच्या अपघातात तो तरुणपणीच गेला. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये वेगवेगळ्या विद्यांच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभी करणारी पहिली यूएफसी स्पर्धा झाली. एलियोच्या मुलाने, सडपातळ रॉयसने, आपल्यापेक्षा धिप्पाड माणसांना एकामागून एक हरवलं आणि जगाला हे सगळं कळलं. पण तोवर काम झालेलं होतं. टीव्हीवर दिसलं ते फळ होतं. झाड बेलेम, बेंतो रिबेइरो आणि कोपाकाबानात वाढलं होतं.

आपल्याकडे परत येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे. जहीराबाद, नारायणखेड आंध्रकडे. सीमेवरच्या या ओढाताणीची दुःखं मोठी आहेत आणि ती इथे मांडायची जागा नाही. कुस्तीच्या मैदानाने मात्र ही रेघ कधी मानली नाही. जत्रेत जोड लावताना कुणी तालुका विचारत नाही. जोडी पुकारणारा एका दमात कन्नड, मराठी आणि दखनी बोलतो आणि तिन्ही भाषांतले लोक हसतात, चिडतात, पैसे लावतात. लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान पोरं एकाच हौदात उतरतात, आणि कोण कुणाचा शिष्य हे विचारलं तर वस्तादाचं नाव सांगतात, राज्याचं नाही.

महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. म्हणजे त्यांचं गाव 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं. 1969 ची गदा त्यांनी घेतली, दिल्लीच्या सतपालला पाडलं आणि पुढे पुण्यात तालमीतली पोरं घडवत ‘मामा’ म्हणून आयुष्य काढलं. मामांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी गदा घेतली. त्यांच्यासारख्या पोरांना लहानपणी लंगोट बांधायला, शड्डू ठोकायला, पट काढायला ज्या गावच्या वस्तादांनी शिकवलं त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? हा प्रश्न फक्त एका गावाचा नाही. भालकीपासून आळंदपर्यंत गावागावांत असे उस्ताद होऊन गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती, शेतात सालगडी म्हणून राबून ते पहाटे चारला हौद खणायला जात. मातीत तेल, ताक, हळद मुरवायची, ती रोज हलकी ठेवायची, आलेल्या पोराचा खांदा, कंबर, मान पाहून त्याला ढाक शिकवायची की मोळी हे ठरवायचं, आणि पोराच्या घरी दूध नसेल तर आपल्या घरचं द्यायचं. माएदाने, फ्रांसाने, फाद्दाने केलं ते यापेक्षा वेगळं काय केलं? त्यांच्यामागे त्यांची नावं लिहून ठेवणारे आले, एवढाच फरक.

म्हणून माझी या भागातल्या शिक्षकांना, पत्रकारांना, कॉलेजातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मनापासून विनंती आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या पैलवानांकडे जाऊन बसा. त्यांना त्यांच्या वस्तादाचं नाव विचारा, त्या वस्तादाच्या वस्तादाचं विचारा, कोणता डाव कुणाकडून आला ते विचारा. दोन पिढ्यांच्या मागे सहसा आठवण जात नाही, त्यामुळे उशीर परवडणारा नाही. कन्नडमध्ये सांगितलं तर कन्नडमध्येच लिहून घ्या, दखनीत सांगितलं तर तसंच. रिओतल्या अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून फेरो आणि दोनातो यांना परत उभं केलं. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांच्या बातम्या छापल्याच गेल्या नाहीत, आपल्याला माणसांकडेच जावं लागेल.

वाचकासाठी दोन गोष्टी. ज्यांनी कुस्ती केली आहे त्यांनी डावांची वर्णनं वाचताना आपल्या डावांशी ताडून पाहावीत. घिस्सा, सवारी, एकचाक यांची भावंडं तिथे वेगळ्या नावांनी भेटतील, आणि गळा आवळण्याचे किंवा सांधा पिळण्याचे आपल्याकडे बंदी असलेले डाव तिथे विद्येचा गाभा म्हणून भेटतील. हे डाव पुस्तक वाचून घरी करून पाहू नयेत. थोपटल्याबरोबर सोडणारा जोडीदार आणि समोर उभा असलेला शिक्षक, या दोन्हींशिवाय ते धोक्याचे आहेत. ज्यांनी कुस्ती कधी केली नाही त्यांनी डावांचे परिच्छेद ओलांडले तरी चालतील, पण फाद्दा आणि सांताना यांची प्रकरणं ओलांडू नयेत.

शेवटचं प्रकरण यव्होन दुआर्ते यांच्यावर आहे. ब्राझीलच्या उत्तर टोकाच्या रोराइमामधून रिओला आलेल्या दुआर्ते यांना 1990 मध्ये काळा पट्टा मिळाला; जिऊ-जित्सूत तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. माएदा बंदरात उतरल्यापासून इथवर यायला पाऊणशे वर्षं गेली होती. सोमेश्वराच्या मल्लविनोदात बाईला जागा नाही, आणि आपल्या तालमींच्या दारावरही ती फार उशिरा आली. महाराष्ट्रात महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा 2023 मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. सीमेच्या अलीकडे, आपल्या तालुक्यांत, कुस्ती शिकायची आहे असं म्हणणाऱ्या मुलीला आज बहुतेक वेळा बसने दुसऱ्या गावी जावं लागतं. दुआर्ते यांचं प्रकरण तिच्या हाती पडावं आणि तिच्या वडिलांच्याही, अशी माझी इच्छा आहे.